तिसऱ्या मजल्यावरचे गहू

१

बाई सापडली जिन्यावर, आणि म्हणत होती मी पडले लिफ्टमध्ये.

ईस्टरच्या आदल्या दिवशीची सकाळ. नापोलीच्या सानिता भागातल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्याच्या जरा खाली, जिन्याच्या वळणावर एर्सिलिया कापुओत्सो ही पाचव्या मजल्यावरची विधवा बेशुद्ध पडलेली दरवानाला दिसली. उजवं मनगट मोडलेलं, कपाळावर टेंगूळ. दरवानाने आपला कोट घडी करून तिच्या डोक्याखाली सरकवला आणि रुग्णवाहिका बोलावली. इथपर्यंत सगळ्या इमारतीचं एकमत होतं.

पुढे मात्र दोन गोष्टी होत्या. रुग्णालयात शुद्धीवर आल्यावर बाई म्हणाली, लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या वीतभर खाली थांबली, दार उघडलं, पाय फरशीच्या कडेला अडखळला आणि मी तोंडावर आपटले. इमारत म्हणाली, शक्यच नाही. ती लिफ्ट सगळ्यांची नव्हतीच. काही वर्षांपूर्वी ज्या घरांनी वर्गणी भरून ती बसवली, त्यांच्याकडेच तिची किल्ली होती आणि किल्लीशिवाय लिफ्ट जागची हलत नसे. एर्सिलियाने वर्गणी भरली नव्हती. तिच्याकडे किल्ली नव्हती, आणि त्या दिवशी तिच्या खिशात, पिशवीत, जिन्यावर, कुठेही किल्ली सापडली नाही.

तिचा भरपाईचा दावा आमच्या विमा कंपनीकडे आला. साहेबांनी कागद माझ्या टेबलावर टाकले.

"मारिनेल्ला, हे खोटं आहे. किती खोटं आहे तेवढं बघून ये."

मी लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांच्या अपघातांची चौकशी करण्यात केस पांढरे केलेत. लोक खोटं बोलतात हे मला कोणी शिकवायला नको. सरकत्या जिन्याने चावलेला बूट घेऊन आलेला एक गृहस्थ मला आठवतो, बूट त्याच्या पायात शिरत नव्हता. पण या बाईच्या कागदांत मला एक गोष्ट टोचत राहिली. जिना सगळ्यांचा होता, त्याचा विमाही आमच्याच कंपनीचा होता, आणि जिथे ती सापडली तिथली पायरी फुटलेली होती. "पायरीवरून पडले" एवढं म्हटलं असतं तर तिला कोणी एक प्रश्न विचारला नसता.

ज्याला खोटंच बोलायचं आहे तो सोपं खोटं सोडून अवघड खोटं कशाला बोलेल?

२

इमारतीचं अंगण लहान होतं. मधोमध मोठ्या कुंडीत लिंबाचं झाड, आणि झाडाशेजारी खुर्ची टाकून दरवान बसलेला. सबातीनो त्याचं नाव, वय साठीपुढचं, त्याला सगळे सबातीनोकाका म्हणत. मी सावलीला म्हणून झाडाखाली सरकले तर म्हातारा ताडकन उठला.

"डॉक्टरीणबाई, लिंबांना हात नको. गेल्या वर्षी पोस्टमनने एक तोडलं, आजतागायत त्याची पत्रं मी उशिरा वाटतो."

मी डॉक्टर नाही. पण आमच्या नापोलीत चष्मा आणि पिशवीभर कागद असले की माणूस डॉक्टर होतो.

"झाड तुमचं?"

"बायकोने लावलेलं. ती गेली, हे राहिलं. याचं लिंबू माझ्या हातून मिळालं तरच मिळतं."

त्या दिवसाबद्दल विचारलं तेव्हा मात्र त्याचा आवाज एकदम बारीक झाला. झाडायला वर गेलो, बाई दिसली, कोट ठेवला, फोन केला. सगळं पाठ केल्यासारखं. बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या स्वतःच्या कोटाकडे बघत होता.

मी किल्ली मागून घेतली आणि लिफ्ट तपासली. प्रत्येक मजल्यावर ती अगदी फरशीला फरशी लावून थांबत होती. नवीन सुटा भाग बसवल्याची चकाकी वरच्या पेटीत दिसली, पण ती काय, कधीचीही असेल. तळमजल्याच्या दारावर मात्र डोळ्यांच्या उंचीला चार चिकट डाग होते. कागद चिकटवून ओढून काढला की राहतात तसे. धूळ अजून त्यांच्यावर बसायची होती.

मग मी तिसऱ्या मजल्यावर गुडघे टेकून बसले. दार ज्या खाचेत सरकतं, ती खाच कोणी झाडत नाही, झाडू आत जातच नाही. माझी केसातली पिन मात्र जाते. पिनेने मी खाच कोरली आणि हातरुमालावर काय आलं ते उजेडात धरलं.

गहू होते. शिजवलेले, फुगून वाळलेले, एकमेकांना चिकटलेले. बाकी मजल्यांच्या खाचा मी कोरल्या. तिथे नुसती माती.

आमच्याकडे शिजवलेले गहू वर्षात एकदाच लागतात. ईस्टरला, पास्तिएरात. गहू, ताजं चीज आणि नारिंगीच्या फुलांचं पाणी घालून केलेली ती गोड भाकर घराघरांत भाजली जाते आणि पत्र्याच्या साच्यासकट शेजारी पोचवली जाते. म्हणजे ईस्टरच्या सुमाराला कोणीतरी या दारात पास्तिएरा सांडला होता. मग बाकीचा पास्तिएरा कोणी पुसला?

३

एर्सिलियाने डाव्या हाताने दार उघडलं. उजवा प्लास्टरमध्ये. टेबलावर अर्धे शिवलेले हातमोजे पडले होते, मऊ चामड्याचे, करड्या रंगाचे. या भागातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून दुकानांसाठी हातमोजे शिवतात, आणि तिचा टाका दुरून ओळखू येतो असं खाली फळवाल्यानेसुद्धा मला सांगितलं होतं.

"कॉफी करते," ती म्हणाली आणि एका हाताने भांड्याचं झाकण पिळायला लागली.

"बसा हो. मी करते."

कॉफी करताना मी तिचं स्वयंपाकघर बघून घेतलं. चौकशी करणाऱ्या बाईला हे बरं असतं, कोणी हरकत घेत नाही. खिडकीशी दोरीला बांधलेली टोपली होती, सगळ्यांकडे असते तशी. वरून सोडायची, खाली भाजीवाला भरतो, वर ओढायची. फडताळावर पास्तिएराचा एक साचा, रिकामा. टेबलावर दुसरा, त्यात पानांसकट पिवळीधमक लिंबं. हा दुसरा साचा जुना, बुडाशी काळा पडलेला होता. पण त्याच्या काठाला पोचा होता आणि पोचा आतून चांदीसारखा चमकत होता.

"मावशी, डॉक्टर काय म्हणतात हाताबद्दल?"

"म्हणतात प्लास्टर निघालं की व्यायाम घे, मशीन लाव. त्याला पैसे लागतात, बघू. बोटं वळली तर शिवेन. नाही वळली तर मुलगा जर्मनीला घेऊन जाणार. चांगला आहे हो मुलगा. सूनही चांगली. पण तिथे मी टोपली कोणासाठी सोडू?"

मी तिला सरळ सांगितलं. किल्लीवाल्या कोणाच्याही परवानगीने लिफ्ट वापरली असेल तर कंपनी भरपाई देते. चोरून वापरली असेल तर देत नाही. तेव्हा किल्ली कोणी दिली तेवढं नाव पाहिजे.

"नाव नाही सांगणार."

"मग दावा बुडाला."

"बुडू दे. मी लिफ्टमध्ये पडले, ते मी सांगितलं. खोटं सांगायला मला वकिलानेही सुचवलं होतं, पायरीचं. ते मी नाही बोलले. पण खरं बोलायचं म्हणजे सगळंच बोलायचं असं कुठे आहे?"

"पडलात तेव्हा हातात काय होतं?"

"काही नाही." हे ती फार लवकर म्हणाली.

"बरं. यंदा पास्तिएरे किती केले?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "दोनच. गुडघा दुखतो. एक मला, एक... एक असाच."

"आणि लिंबं?"

"रुग्णालयातून आले तेव्हा साचा दाराशी होता. भरलेलं भांडं परत आलं की विचारू नये, डॉक्टरीणबाई. तुमच्या आईने नाही शिकवलं?"

शिकवलं होतं. माझ्या आईने जन्मात कोणाचं भांडं रिकामं परत केलं नाही. घरात काही नसलं तर मूठभर मीठ घालायची. म्हणूनच त्या क्षणी मला त्या साच्यात काही विशेष दिसलं नाही. जिना उतरताना अर्ध्यावर आले आणि पाय जागच्या जागी थांबला. जो पास्तिएरा कोणाकडे पोचलाच नाही, त्याचा साचा परत कोणी केला?

४

तिथूनच मागे फिरून बाईंना सगळं सांगून टाकावं असं वाटलं. पण अजून किल्ली राहिली होती. मी दोघांना भेटले.

पहिले सोसायटीचे व्यवस्थापक पेन्नासिलिको. तळमजल्यावर त्यांचं कार्यालय, टेबलावर स्वतःचाच फोटो. आवाज लोण्यासारखा.

"गरीब बाई आहे हो. मला वाईट वाटतं. पण नियम तो नियम. किल्ली नाही, म्हणजे लिफ्ट नाही."

"लिफ्ट कधी बंद होती का? ईस्टरच्या आधी?"

"एक दिवसही नाही. माझ्या कारकीर्दीत एक दिवसही नाही."

"दारावर काही सूचना वगैरे?"

"सूचना कसली?" त्यांनी फोटोवरची नसलेली धूळ पुसली. मला ते चार चिकट डाग आठवले आणि मी कॉफी नको म्हणून उठले.

दुसऱ्या होत्या तिसऱ्या मजल्यावरच्या ओर्तेन्सिया, लॅटिन शिकवून निवृत्त झालेल्या. सगळी इमारत त्यांना प्रोफेसरबाई म्हणते आणि सगळी इमारत त्यांना घाबरते. त्यांचं हृदय नाजूक आहे, डॉक्टरांनी जिना बंद केलाय. वर्गणी न भरणाऱ्याला किल्ली उसनी देईल त्याची स्वतःची किल्ली कायमची काढून घ्यावी, हा ठराव याच बाईंनी मांडून मंजूर करून घेतला होता.

"एर्सिलिया?" त्यांनी नाक मुरडलं. "लिफ्ट बसवताना म्हणाली, मला पाय आहेत. आता पाय कुठे गेले? फुकट ते पौष्टिक वाटतं लोकांना. पाच मजले रोज शिव्या देत चढायची, मला ऐकू यायच्या."

"तुमची किल्ली?"

त्यांनी गळ्यातल्या निळ्या फितीला बांधलेली किल्ली मला दाखवली आणि पुन्हा पोलक्यात टाकली. "ही माझ्याकडेच असते. झोपतानाही."

"त्या सकाळी काही ऐकलंत? तुमच्याच दारात घडलं म्हणतात."

"रेडिओवर प्रार्थना चालू होती. मोठ्याने ऐकते मी. बाहेर आले तेव्हा तिला खाली नेत होते." इथे त्यांचा आवाज किंचित हलला. "तिचं लॅटिन शून्य आहे, पण टाका चांगला घालते."

मी अंगणात आले. फळवाला केव्हाच गेला होता, रस्त्यावर कोणी विक्रेता नव्हता. तेवढ्यात डोक्यावर दोरी करकरली. पाचव्या मजल्यावरून टोपली खाली येत होती, एका हाताने सोडलेली, झोके खात. मी वाट बघत राहिले. टोपली खालपर्यंत आलीच नाही.

ती तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी थांबली. पडद्यामागून एक हात बाहेर आला, त्याने कागदात गुंडाळलेलं काहीतरी गरम टोपलीत ठेवलं, वर एक पाव ठेवला, आणि दोरीला दोनदा हिसका दिला. त्या हाताच्या मागे निळी फीत लोंबत होती.

५

मी सबातीनोकडे गेले आणि त्याच्या समोरच्या पायरीवर बसले.

"काका, मी बोलते. तुम्ही नुसतं ऐका. चुकलं तर सांगा."

त्याने मान हलवली.

"बाई लिफ्टमध्येच पडल्या. तिसऱ्या मजल्याच्या खाचेत गहू आहेत. त्यांच्या हातात पास्तिएरा होता, तो उडाला, साच्याला पोचा पडला. पोचा अजून चमकतोय, म्हणजे नवा आहे. तो साचा लिफ्टशी पडला होता, तेव्हा ज्याने तो उचलला त्यानेच बाईंना तिथे पाहिलं. त्यानेच फरशी पुसली, त्यानेच बाईंना चार पायऱ्या खाली नेऊन ठेवलं. सगळं नीट केलं त्याने. साचा कचऱ्यात टाकला असता तर मला काहीच कळलं नसतं. पण दुसऱ्याच्या घरचं भांडं तो कसं टाकेल? आणि रिकामं तरी कसं परत करेल? त्याने घासला, आणि घरात जे सगळ्यात चांगलं होतं ते त्यात भरलं."

म्हातारा झाडाकडे बघत होता.

"या झाडाचं लिंबू तुमच्या हातून मिळालं तरच मिळतं, काका. तुम्हीच सांगितलंत."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला राग यायला हवा होता, आला नाही.

"मिस्त्री आला होता त्या आठवड्यात," तो शेवटी म्हणाला. "म्हणाला, लिफ्ट नीट थांबत नाही, भाग येईपर्यंत बंद ठेव. मी कागद लावला दारावर. पेन्नासिलिकोने काढायला लावला. म्हणे सणाला लोकांचे पाहुणे येतात, बोंबाबोंब होईल, चालू दे तशीच. मग त्या सकाळी... मी वर गेलो तर बाई अर्धी बाहेर, अर्धी आत. मला वाटलं गेली. आधी रुग्णवाहिकेला फोन करायचा की नाही? मी आधी पेन्नासिलिकोला केला. घाबरलो हो. तो म्हणाला, तिच्याकडे किल्लीच नाही, मग ती लिफ्टमध्ये असेल कशी? तू बघ. नाहीतर कागद तूच काढलास असं मी सांगेन, आणि मग खोली खाली कर."

दरवानाची खोली नोकरीबरोबर असते, आणि नोकरी गेली की जाते. या वयात तो कुठे जाणार होता?

"उचलताना ती कण्हली. म्हणजे जिवंत होती. कोट ठेवला मी. कोट तरी ठेवला. त्या दिवसापासून तो अंगावर घालवत नाही, आणि टाकवतही नाही."

"आणि किल्ली?"

"लिफ्टमध्येच होती, खोचलेली. निळी फीत. ज्यांची होती त्यांच्या दाराच्या फटीतून आत टाकली. त्यांचं नाव मी मेलो तरी घेणार नाही, मला विचारू नका."

मी विचारलं नाही. सबातीनो प्रोफेसरबाईंना वाचवत होता, एर्सिलिया दोघांना वाचवत होती, आणि या सगळ्या चांगुलपणात एका बाईचा हात फुकट जाणार होता. मी वर गेले, एर्सिलियाला म्हटलं मला सगळं कळलंय.

"मला उचललं तेव्हा मी थोडी जागी होते," ती शांतपणे म्हणाली. "रडत होता म्हातारा. डॉक्टरीणबाई, तुम्ही नावं घेतलीत तर मी दावा मागे घेईन. एकाची खोली जाईल, एकीचा लिफ्टशिवाय जीव जाईल. माझं नुसतं मनगट आहे."

"दुसरी तर तुम्हाला फुकटी म्हणते."

"सगळ्यांसमोर म्हणते. म्हणून तर कोणाला संशय आला नाही." पहिल्यांदाच ती हसली. "दर शनिवारी किल्ली टोपलीत टाकते आणि वर ओरडते, एर्सिलिया, टोपली माझ्या खिडकीवर आपटू नकोस."

मी शब्द दिला. नावं घेणार नाही. टेबलावरचा तो साचा तेवढा मागून घेतला.

६

शनिवारी अंगणात सोसायटीची मीटिंग भरली. पेन्नासिलिकोंनी एक ठराव लिहून आणला होता: कापुओत्सोबाईंकडे किल्ली नव्हती, त्या लिफ्टमध्ये नव्हत्या, सोसायटी हा दावा खोटा मानते. सगळ्यांनी हात वर केला की तो आमच्या कंपनीकडे जाणार, आणि मग साहेबांना माझ्या कागदांची गरजच उरणार नव्हती.

एर्सिलिया वर खिडकीत बसली होती. खाली यायला तिला जमलं नसतं.

मी उभी राहिले. हातरुमालातले गहू दाखवले. दारावरचे चार डाग दाखवले आणि म्हटलं, पेन्नासिलिको म्हणतात लिफ्ट एक दिवस बंद नव्हती, तेव्हा इथे कसला कागद होता ते त्यांनाच विचारा. पोचा आलेला साचा लिंबांच्या झाडाजवळ ठेवला. बायका लगेच कुजबुजायला लागल्या. साच्याचा अर्थ त्यांना माझ्याआधी कळला असावा.

"बाई लिफ्टमध्येच होत्या," मी म्हटलं. "किल्ली कोणीतरी मायेने दिली होती. नंतर कोणीतरी भीतीने त्यांना हलवलं. दोन्ही नावं मला माहीत आहेत. मी ती सांगणार नाही, तसा मी शब्द दिलाय. त्यांच्याशिवाय हा दावा टिकणार नाही, हेही मला माहीत आहे."

"मग झालं तर," पेन्नासिलिको म्हणाले. "गोष्ट छान आहे. ठरावाच्या बाजूने कोण?"

एक हात वर गेला. दुसरा. मी सबातीनोकडे बघायचं टाळलं.

"थांबा."

प्रोफेसरबाई खुर्चीचा हात धरून उठल्या. त्यांनी गळ्यातली निळी फीत काढली आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"ठराव मी मांडला होता आणि मोडतही मीच होते. दर शनिवारी. ठराव मांडला तेव्हा मला वाटलं, ती चिडून वर्गणी भरेल. तिच्याकडे भरायला पैसे नाहीत हे मला मागून कळलं, आणि तोवर मी इतकं मोठ्याने बोलून बसले होते की मागे येववेना. तो पास्तिएरा माझा होता. आता घ्या किल्ली. मी घरात बसेन, पुस्तकं आहेत."

कोणी किल्लीला हात लावला नाही. तेवढ्यात दरवानाच्या खोलीचं दार वाजलं. सबातीनो आत गेला होता. बाहेर आला तो हातात चुरगळलेला कागद घेऊन. त्याने तो लिफ्टच्या दारावर, बरोबर त्या चार डागांवर धरून दाखवला. कोपरे डागांना जुळले. कागदावर त्याच्याच वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'लिफ्ट बिघडली आहे.'

"हा मी लावला, यांनी काढायला लावला," तो म्हणाला. "आणि बाईंना मी उचलून जिन्यावर ठेवलं. आधी फोन केला नाही. खोली कधी खाली करू तेवढं सांगा."

मग त्याने मान वर केली आणि खिडकीकडे बघून म्हणाला, "एर्सिलिया, मला माफ कर गं."

एर्सिलिया खिडकीतून पुढे वाकली. मग तिचा आवाज आला, "लिंबं गोड होती, सबातीनो."

पेन्नासिलिको ठरावाचा कागद घडी करत होते. त्यांच्याशी पुढे त्या दिवशी कोणी बोललं नाही.

७

कंपनीने भरपाई मंजूर केली. साहेब म्हणाले, "मारिनेल्ला, तुला पैसे वाचवायला पाठवलं होतं." मी म्हटलं, पेन्नासिलिकोंकडून वसूल करा, आणि ते काम त्यांनी फार आनंदाने वकिलांना दिलं. सोसायटीचा कारभार आता प्रोफेसरबाई बघतात. सबातीनोची खोली राहिली, पण त्या त्याच्याकडून दारावरच्या सूचना शुद्ध लिहून घेतात, आणि त्याला कधी कधी वाटतं की खोली गेली असती तर बरं झालं असतं.

साचा माझ्याकडेच राहिला होता. परत करायला गेले. रिकामा कसा द्यायचा? मंजुरीचं पत्र त्यात ठेवलं, वर कॉफीची एक पुडी ठेवली, आणि अंगणातून हाक मारली.

टोपली आली. तिने आता ती दोन्ही हातांनी सोडली होती, उजव्याची बोटं अजून पुरती वळत नव्हती पण दोरी धरत होती. मी साचा आत ठेवला. टोपली वर निघाली आणि सवयीने तिसऱ्या मजल्याशी थांबली. खिडकी सताड उघडी होती. प्रोफेसरबाईंनी निळी फीत गळ्यातून काढून साच्यावर टाकली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "एर्सिलिया, किल्ली टाकतेय. चालत उतरलीस तर याद राख, आणि टोपली खिडकीवर आपटू नकोस."

थोड्या वेळाने लिफ्टची घरघर ऐकू आली. सबातीनो खुर्चीवरून उठून दाराशी जाऊन उभा राहिला. आज त्याच्या अंगात तो कोट होता. लिफ्ट थांबली, फरशीला फरशी लागली, दार सरकलं.

आत एर्सिलिया उभी होती. तिने आधी खाली उंबऱ्याकडे बघितलं. मग समोर पुढे केलेल्या हाताकडे बघितलं. मग आपला उजवा, बरा होत असलेला हात त्या हातात दिला आणि पाऊल बाहेर टाकलं.